काळी पाचचा पुट्टू

गाणं सुरू करण्यापूर्वी पुट्टू उजवा हात पाठीमागे नेई आणि पाची बोटं पसरून आम्हाला दाखवी. समोरच्या लोकांना वाटे, पोरगं घाबरलंय, हात कुठे ठेवावा ते त्याला कळत नाही. आम्हा वाजवणाऱ्यांना मात्र खूण ठाऊक होती. पाच बोटं म्हणजे काळी पाच, पेटीवरची पाचवी काळी पट्टी. तिथे त्याचा सा. एरवी ही बायकांची पट्टी, त्यातही ज्यांचा गळा उंच त्यांची. तेरा वर्षांचा, मनगटं शर्टाच्या बाहेर आलेला हा मुलगा त्या पट्टीत असा गाई, की कॅन्टोन्मेंटमधल्या हॉटेलात रविवारी सकाळी नाचायला आलेली जोडपी नाचायची थांबत आणि नुसती उभी राहत.

त्याचं खरं नाव मुकुंद. पण कानडीत लहानग्याला लाडानं पुट्टा म्हणतात, त्याचा घरात पुट्टू झाला आणि पुढे पाटीवर ‘मास्टर पुट्टू’ झाला. त्या काळी गाणारी पोरं सगळी मास्टरच असत.

मी निपाणीकडचा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरला विमानांच्या कारखान्यात कारकुनी मिळाली आणि बळेपेटेत पुट्टूच्या घरी माडीवरची खोली. शिंप्याचं घर. दहा पिढ्या बंगळुरात, पण घरात मराठी. वडील कॅन्टोन्मेंटमधल्या एका दुकानात कटर होते. त्यांना मी फार तर वीस वाक्यं बोलताना ऐकलं असेल. घर चाले ते गंगाक्कांच्या, म्हणजे पुट्टूच्या आईच्या, जिभेवर आणि शिलाईच्या यंत्रावर. पहिल्याच दिवशी मी काहीतरी शुद्ध बोललो, तर त्या म्हणाल्या, “तुमची मराठी कागदावरची, अण्णा. आमची चुलीवरची. स्वल्प समजून घ्या.” स्वल्प म्हणजे थोडं. मी त्या घराचा अण्णा झालो तो तेव्हापासून.

पुट्टू शाळेतून आला की आईशेजारी बसून काजं करी. सुई चाले, शेजारी रेडिओ चाले आणि वरून तो. इंग्रजी त्याला येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. गाण्याचे शब्द कानानं पकडून तो कानडी अक्षरांत वहीत उतरवी. एकदा मी विचारलं, अरे, या गाण्याचा अर्थ काय? तो सुई न थांबवता म्हणाला, “कुणीतरी कुणाला तरी सोडून चाललंय. सगळ्या इंग्रजी गाण्यांत तेच असतं, अण्णा.” आणि गाणाऱ्यांविषयी त्याचं मत ठरलेलं असे. एखादा आवडला तर बोलत नसे. नावडला तर, “आवाज बरा हाय, पण टाका दिसतो.”

दसऱ्यात तिकडे घरोघर गोंबे मांडतात, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या. मुली घरोघर जातात, बाहुल्यांपुढे गाणं म्हणतात आणि खाऊ घेऊन येतात. पुट्टूचं वय उलटलं होतं, तरी बहिणी त्याला ओढून नेत, कारण तो असला की कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, जास्त मिळत. एका निवृत्त शिरस्तेदारांच्या घरी त्यानं रामसीतेच्या बाहुल्यांपुढे रेडिओवरचं इंग्रजी गाणं म्हटलं. घरातल्या आजीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. झाल्यावर त्यांनी विचारलं, हे पद कुठल्या दासांचं? तिकडे पदं रचणाऱ्या संतांना दास म्हणतात. गंगाक्का बरोबर होत्या. त्या पापणी न हलवता म्हणाल्या, “लांबच्या मुलखातल्या दासांचं.” आजीबाईंनी हात जोडले. ही गोष्ट गंगाक्का पुढे इतक्या वेळा सांगत, की दर वेळी आजीबाईंचं वय पाच वर्षांनी वाढे.

बँडशी गाठ पडली तीही शिवणातूनच. सायमन नावाचा एक गिटारवाला दिवसा शाळेत ड्रिल शिकवी आणि सुटीच्या दिवशी बँड चालवी. बँडचे झालरीचे शर्ट गंगाक्कांकडे शिवायला आले. ते पोचवायला पुट्टू निघाला, सोबत म्हणून मला धाडलं. तालीम चालू होती. पुट्टू दाराशी गठ्ठा धरून उभा होता, आणि गाण्याची वरची ओळ आली तशी ती त्याच्या तोंडून सुटली. सायमनचा हात तारांवर थांबला. त्याच्या बँडमधला अ‍ॅकॉर्डियनवाला नुकताच जहाजावर नोकरीला गेला होता. मला पेटी येते हे मी न विचारता सांगितलं. अशा रीतीनं सायमनला एका दिवसात एक हिरा मिळाला आणि त्याच्याबरोबर मी.

खोटा विनय करत नाही. मी बेताचा वाजवणारा. बळेपेटेतल्या दुकानातून जुनी अ‍ॅकॉर्डियन आणली, गळ्यात अडकवली आणि आरशात बघितलं तेव्हा मात्र मी कारखान्यातला कारकून राहिलो नाही. लोक पुट्टूसाठी येत. पण टाळ्या वाजल्या की त्यातल्या चार माझ्याही आहेत असं मला वाटे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात या चार टाळ्यांचाही हात होता.

दोन पावसाळ्यांत पुट्टूचं नाव पेटेपासून, म्हणजे जुन्या गावापासून, कॅन्टोन्मेंटपर्यंत झालं. रविवारी सकाळी हॉटेल, गणपतीत पेंडॉल, लग्नसराईत आरतक्षते, म्हणजे तिकडचे लग्नाचे स्वागतसमारंभ. कॉलेजातल्या मुली त्याच्या वहीवर सही मागत, तेव्हा तो कानडीत मुकुंद अशी सही करी आणि त्या हिरमुसत. शाळेत गणिताच्या मास्तरांनी नापास केलं आणि मुलीच्या लग्नात गायला बोलावलं. पुट्टूला या कशाचंच विशेष वाटत नसे. त्याला एकच हवं होतं, स्वतःची एक तबकडी. “माणूस गेला तरी तबकडी फिरते, अण्णा,” तो म्हणे. चौदाव्या वर्षी माणूस कुठे जातो, असं मी त्याला चिडवी.

एका रविवारी कार्यक्रम आटोपून आम्ही कब्बन पार्कात बाकावर शेंगा खात बसलो होतो. मग त्यानं भजनी मंडळातल्या एका मोठ्या मुलाची हकीकत सांगितली. त्याचा आवाज फुटत होता, त्याला कुणी सांगितलं नाही, आणि भर पेंडॉलमध्ये त्याच्या गळ्यातून कोंबडा आरवला. लोक हसले. तो मुलगा पुन्हा मंडळात आला नाही.

“माझं तसं व्हायला लागलं तर तुम्ही आधी सांगायचं,” पुट्टू म्हणाला. “मला आतून कळणार नाही. तुम्ही मागे असता, तुम्हाला कळेल.”

सांगेन, म्हणालो. त्यानं शेंगांची टरफलं कागदात गोळा केली आणि उठला. त्याचं समाधान झालं होतं. मी म्हणालो म्हणजे झालं, असा तो मुलगा होता.

मल्लेश्वरममधल्या एका लग्नात त्याला सर्दी झाली होती. त्यानं पाठीमागे पाच बोटं दाखवली. मी विचार केला, आजच्या दिवस पोराला त्रास नको, आणि अर्धा सूर खाली, पांढरी सहा धरली. सायमनला डोळ्यानं खुणावलं. त्यानं गिटारच्या मानेवरचा चाप एक घर सरकवला. पुट्टू पुढे उभा, त्याला काय दिसणार? तो सुरेख गायला. उतरल्यावर माझ्याकडे धावत आला. “अण्णा, सर्दी असून गळा कसा मोकळा लागला. काळी पाचच ना?”

गंगाक्का शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता. मी हो म्हणालो. अर्ध्या सुराचं तर खोटं, उद्या सांगू.

सर्दी गेली. पुढच्या रविवारी मी काळी पाच धरली, आणि वरच्या ओळीला त्याच्या मानेची शीर तटतटलेली मला मागून दिसली. दुसऱ्या गाण्याला मी पुन्हा पांढरी सहा धरली. शीर बसली. तेव्हा मला कळलं की ती सर्दी नव्हती. तो उद्याचा दिवस मी पुढे ढकलत राहिलो. चार महिन्यांनी आणखी अर्धा सूर उतरून काळी चार झाली. मग पांढरी पाच. पुट्टू दर वेळी पाठीमागे पाच बोटं पसरत होता आणि दर वेळी उतरल्यावर विचारत होता, पट्टी तीच ना? तीच, मी म्हणत होतो. पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर तीही सरावली. बोलण्यातला त्याचा आवाज कधी घोगरा होई, तर गंगाक्का ज्येष्ठमध देत आणि म्हणत, थंडी बाधली. आईला ऐकायचं नव्हतं आणि मला सांगायचं नव्हतं.

सायमननं मला दोनदा बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पोराला सांग, सहा महिने गप्प बसव, पुरुषाचा आवाज येईल, तो नव्यानं बसवू. आज तू वाजवतोस. उद्या दुसरा कुणी वाजवील, मग काय करशील? मी म्हणालो, इतक्यात नको, त्याचा जीव त्यात आहे. ते खरं होतं. माझा जीव कशात होता, ते मी सायमनला सांगितलं नाही. सहा महिने पुट्टू गप्प बसला असता तर अ‍ॅकॉर्डियन कोण ऐकणार होतं?

अखेर आम्ही काळी तीनपर्यंत उतरलो. जिन्याच्या चार पायऱ्या, आणि उतरणाऱ्याला पत्ता नाही.

तेवढ्यात मद्रासच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस बंगळूरला येऊन नवे गळे ऐकणार अशी बातमी आली. सायमननं पुट्टूचं नाव दिलं. गंगाक्कांनी तीन दिवस बसून मोतिया रंगाचा कोट शिवला. वडिलांनी तो स्वतः बेतला. आदल्या संध्याकाळी पुट्टू माडीवर आला आणि मला म्हणाला, शेवटचं एकदा वाजवा. मी काळी तीन धरली. तो गायला. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, “उद्या काळी पाचच सांगू ना?”

मी वाजवणार आहे ना, सांग की काहीही, असं मी धरून चाललो होतो. म्हणालो, सांग.

कॅन्टोन्मेंटमधल्या एका सभागृहात सकाळी दहा वाजता पुट्टू, गंगाक्का, सायमन आणि मी पोचलो. कंपनीचा माणूस सभ्य होता. तो म्हणाला की बँडची गरज नाही, आमचा पियानोवाला आहे, मुलाचा नुसता गळा ऐकायचा आहे. मी तिसऱ्या रांगेत बसलो, अ‍ॅकॉर्डियन पेटीत बंद. उठून त्या पियानोवाल्याच्या कानात एक शब्द सांगायला दहा पावलं पुरली असती. पण पुट्टू तिथेच उभा होता, त्यानं ऐकलं असतं. मी मनात म्हटलं, आजच्या दिवस लागेल त्याचा आवाज. देव काही इतका वाईट नाही.

पियानोवाल्या म्हाताऱ्यानं पट्टी विचारली. पुट्टूनं सायमननं शिकवलेलं इंग्रजी नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा विचारलं. पुट्टूनं मान डोलावली. गाणं खालून सुरू होत होतं, म्हणून पहिल्या दोन ओळी निभावल्या. तिसरी वर चढली आणि त्याचा आवाज मधोमध फाटला. तो थांबला. माफी मागून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच फाटला. पियानोवाला फार प्रेमानं म्हणाला, बाळ, खालून घेऊ या. पुट्टूनं नकारार्थी मान हलवली.

तो चिडला नव्हता, हे मला आजही आठवतं. त्याला नुसतं कोडं पडलं होतं. पियानोकडे बघितलं, त्या माणसांकडे बघितलं, मग तिसऱ्या रांगेकडे वळला आणि कानडी-मराठी एकत्र करून मोकळेपणानं म्हणाला, “यांचा पियानो चढा हाय. अण्णा, तुम्ही सांगा यांना.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. कंपनीचा माणूस, सायमन, गंगाक्का.

“पियानो बरोबर आहे, पुट्टू,” मी म्हणालो.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मला तो वेळ सोसवेना, मी खाली बघितलं. मग त्याचा प्रश्न आला, अगदी हळू.

“कधीपासून?”

“मल्लेश्वरमच्या लग्नापासून.”

“सरी,” तो म्हणाला. सरी म्हणजे ठीक आहे. दुकानदार सुटे पैसे नाहीत म्हणाला तरी बंगळुरात सरी म्हणतात. त्यानं पियानोवाल्याला वाकून नमस्कार केला, आईनं शिकवलं होतं तसा, आणि कोटाची बटणं काढत बाहेर गेला.

कंपनीच्या माणसानं सायमनला सांगितलं की मुलगा गुणी आहे, वर्षानं आणा, आवाज बसला की बघू. दार बंद झालं नव्हतं. पण वर्षानं पुट्टू गेला नाही, दोन वर्षांनीही नाही. आवाज बसला, चांगला खर्जातला पुरुषी आवाज आला. सायमन घरी येऊन बसे, समजावी. पुट्टू त्याला चहा देई आणि काजं करत राही. एकदा सायमननं फारच आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, “सूर लागला की मला वाटतं, मागे कुणीतरी पट्टी हलवली असणार.” सायमन पुन्हा आला नाही. मीही त्याच्या बँडमध्ये गेलो नाही. अ‍ॅकॉर्डियन ज्या दुकानातून आणली तिथेच परत गेली.

गंगाक्कांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. सकाळची कॉफी पूर्वीसारखीच वर येत होती, फक्त आता ती पुट्टू आणत नव्हता. महिनाभरानं मी खाली जाऊन त्यांच्यासमोर बसलो. म्हणालो, त्याला वाईट वाटू नये म्हणून मी बोललो नाही. त्यांनी यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

“रडला असता, एवढंच ना?” त्या म्हणाल्या. “रडणारी पोरं मी संभाळलीत, अण्णा. तीन पोरींना संभाळलं. त्याला नसतं संभाळलं?”

मग त्यांनी पायटा चालवला. त्यांनी वर बघण्याची वाट बघत मी बराच वेळ बसलो, आणि मग माडीवर आलो.

पुढे माझं लग्न झालं, बिऱ्हाड वेगळं केलं, आणि काही वर्षांनी वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी सोडून निपाणीला परत जायचं ठरलं. निघण्यापूर्वी एकदा त्याला भेटावं असं फार वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती. तो तेव्हा यशवंतपूरच्या बाजूला गणवेश शिवण्याच्या एका कारखान्यात कटर झाला होता. दुपारच्या सुटीत मी गेलो. खाकी कापडाच्या थप्प्यांमध्ये बसून तो डबा खात होता. मिशी आली होती, खांदे रुंद झाले होते. मला बघून उठला, हात धुतले, स्टूल पुसून दिलं. डब्यातलं अर्धं झाकणात काढून माझ्यापुढे ठेवलं. आई बरी आहे, धाकटीचं लग्न ठरतंय, असं बोलणं झालं. मी माफी मागायला गेलो होतो, पण त्यानं त्या वाटेला बोलणं जाऊच दिलं नाही. त्याचा तो जाडसर, भरदार आवाज ऐकताना माझं लक्ष शब्दांकडे नव्हतं.

भोंगा वाजायच्या थोडं आधी तो म्हणाला, “अण्णा, एक विचारायचं होतं. किती वर्षं झाली, विचारीन म्हणत होतो.”

विचार, मी म्हणालो.

“ते शेवटचे महिने. काळी तीनमध्ये. मी चांगला गात होतो का?”

त्या महिन्यांत तो जसा गायला तसा त्यापूर्वी कधी गायला नव्हता. वरच्या पट्टीत त्याचा आवाज लोकांना थक्क करी. खाली आल्यावर तो जवळ बसून बोलल्यासारखा वाटू लागला होता. त्या हॉटेलातली जोडपी आता नुसती उभी राहत नसत, एकमेकांचा हात धरत. आणि मी मागे उभा राहून, बोटं चालवता चालवता, कितीदा डोळे पुसले होते. हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी ते सगळं सांगितलं. काही हातचं न राखता, शब्द अडखळत होते तरी सांगितलं. “तू सगळ्यात चांगला तेव्हाच गात होतास, पुट्टू,” मी म्हणालो. “हे खरं आहे.”

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला ते खरं मानायचं होतं, हे मला दिसत होतं. तो फार वेळ बघत राहिला. मग भोंगा झाला, त्यानं माझं झाकण उचलून डब्याला लावलं आणि कात्री हातात घेतली.

“सरी, अण्णा,” तो म्हणाला.